विहीर आधी, पंप नंतर

पंप जळण्याचा एक हंगाम असतो. वर्धा जिल्ह्यात तो साधारण हरभरा फुलोऱ्यावर येतो तेव्हाचा. कपाशीच्या शेवटच्या वेचण्या चालू असतात, गव्हाला पाणी हवे असते, आर्वी-कारंजा-आष्टीकडच्या संत्र्याच्या बागांची वेगळी घाई असते आणि एका डीपीवरचे, म्हणजे रोहित्रावरचे, सगळे पंप लाईन येताच एकदम सुरू होतात. व्होल्टेज घसरते. तेवढेच काम कमी व्होल्टेजवर ओढायचे म्हणजे मोटर जास्त अँपियर खेचते, तापते आणि एका रात्री वायंडिंगचा वास येतो. सकाळी शेतकरी तालुक्याच्या गावी दुकानात उभा असतो. पीक ताणावर आहे, हातात वेळ नाही. दुकानदार विचारतो, "किती एचपीचा होता?" तो सांगतो, "पाचचा." पाचचाच एक खोका गाडीत चढतो.

या संवादात विहिरीचा उल्लेखच नाही. पाणी किती खोल आहे, वावर किती लांब आहे, पाइप किती इंची आहे, पाणी दांडाने द्यायचे की ठिबकने, यातले काहीच कोणी विचारले नाही. एचपी म्हणजे मोटरची ताकद. ती ताकद किती उंचीवर किती पाणी देईल, हे त्या आकड्यातून कळत नाही. पाच एचपीचे दोन पंप शेजारी ठेवले, तर एक 20 मीटर उंचीवर धो-धो पाणी देईल आणि दुसरा 45 मीटरवर बेताची धार देईल. दोघांच्या पाटीवर 'पाच एचपी' हेच लिहिलेले असेल. जुना पंप ज्या वर्षी घेतला, त्या वर्षीची विहीर आणि आजची विहीरही एक नसते. मधल्या काळात विहीर खोल केली असेल, तळाशी आडवे बोअर मारले असेल, ठिबक आले असेल, शेजारी दोन नवीन बोअर झाले असतील. जुन्या पंपाची पाटी उतरवून नवा आणणे म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या विहिरीसाठी आज खरेदी करणे.

त्याआधी एक विचारायला हवे: पंप बदलायची खरोखर गरज आहे का? पाणी कमी झाले की दोष पंपावर जातो. बऱ्याचदा गुन्हेगार दुसराच असतो. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पाणी खाली उतरते आणि दर वेळी पंपात पाणी भरावे लागते. सक्शन पाइपच्या जोडाला बारीक चीर असेल, तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे ती चीर दिसत नाही, पंप मात्र 'हवा घेतो' आणि धार तुटक पडते. तीन फेजच्या मोटरच्या दोन वायरी दुरुस्तीनंतर उलट जोडल्या गेल्या, तर पंप उलटा फिरतो. उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी देतच नाही असे नाही, थोडे देतो, आणि म्हणूनच फसवतो. कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की काम होते. इंपेलर झिजला असेल, तर तो एकटाही बदलता येतो. मोटर जळली असेल तर रिवाइंडिंग हा मार्ग आहेच. पण जुनी तार काढण्यासाठी स्टेटर आगीत तापवला जातो, तेव्हा त्याच्या पत्र्यांमधले आवरण खराब होते आणि त्यानंतर मोटर तेवढ्याच कामाला जास्त वीज खाते. एकदा भरलेली मोटर चालवावी. पुन्हा पुन्हा भरलेल्या मोटरवर पैसे घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पाणी वर येते कसे

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजक्या मुरमाच्या थरात असते. म्हणून इथली विहीर रुंद खणतात: भेगांतून हळूहळू पाझरणारे पाणी साठायला जागा हवी. पावसाळ्यानंतर हात घातला की पाणी लागेल अशी भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळाशी डबके दाखवते. पंपाला एकाच विहिरीत दोन वेगळ्या विहिरींचे काम करावे लागते.

काठावर ठेवलेला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगात) किती खोलवरून पाणी घेऊ शकतो, याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते वर ढकलते. हवेची ही ताकद समुद्रसपाटीला सुमारे 10.3 मीटर पाण्याएवढी. गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की, अठरा हातांपलीकडे पाणी चढेना म्हणून तक्रार आली, तेव्हा पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दोष पंपाचा नाही असे सांगितले. काही वर्षांतच गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने कारण उलगडले: वजन हवेचे आहे आणि ते तेवढेच आहे. कितीही एचपी लावा, हवेचे वजन वाढत नाही.

वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाव मीटर गेला. कोमट पाण्याची वाफ दाबातून आपला वाटा घेते, तिथे आणखी अर्ध्या मीटरजवळ गेले. फुटव्हॉल्व्ह, बेंड आणि सक्शन पाइपचे घर्षण मीटर-सव्वा मीटर खातात. शिवाय पंपाच्या तोंडाशी काही दाब शिल्लक राहावा लागतो, नाहीतर पाण्यात बुडबुडे होऊन इंपेलरला खड्डे पडतात. हिशेब संपल्यावर हातात उरतात सहा, फार तर सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. पाणी तीस फुटांवर गेले की काठावरचा मोनोब्लॉक रिकामा गुरगुरतो, यात त्याचा काही अपराध नाही.

यावर गावोगावचा तोडगा ठरलेला आहे. विहिरीत टप्पा काढायचा आणि मोटर खाली उतरवायची. उन्हाळ्यात कप्पी-दोराने आणखी खाली, मृगाच्या तोंडावर पुन्हा वर. एखाद्या वर्षी पाऊस लवकर येतो, माणूस लग्नाला गेलेला असतो आणि मोटर पाण्याखाली जाते. ओपनवेल सबमर्सिबल लोकप्रिय झाला तो यामुळे. त्याची मोटर पाण्यातच राहते, सक्शनचा प्रश्न उरत नाही, पाणी भरण्याची कटकट नाही, वर-खाली करायची गरज नाही.

खालून वर पाणी आणायला ताकद किती लागते, याचा अंदाज पंपाआधीच्या दिवसांतून चांगला येतो. मोटेवर बैलजोडी धावेवरून खाली-वर जायची तेव्हा हा हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे: विहीर जितकी खोल, तितकी धाव लांब आणि तितक्या फेऱ्या कमी. विनोबांनी 1950 च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात ऋषिशेतीचा प्रयोग केला, तेव्हा बैलही नको म्हटले. विहिरीचा रहाट आश्रमातली माणसेच ढकलत. धडधाकट माणूस तासन्‌तास टिकेल अशा बेताने सुमारे 75 वॅट ताकद लावू शकतो. दहा मीटर खोलीवरून, साधनातली गळती धरून, तो तासाला दीड हजार लिटरच्या आसपास पाणी काढेल. पाच एचपीच्या मोटरच्या दांड्यावर 3,700 वॅट असतात, म्हणजे जवळपास पन्नास माणसे. ही पन्नास माणसे आपण नेमकी कशाला लावतो, हे पाहू.

एका विहिरीचा हिशेब

नमुन्यासाठी एक विहीर घेऊ. खोली 14 मीटर, व्यास 5 मीटर. एप्रिलमध्ये पाणी जमिनीपासून 11 मीटरवर. वावराचे वरचे टोक विहिरीपेक्षा 3 मीटर उंच आणि 200 मीटर लांब. शेतकऱ्याला सेकंदाला 5 लिटर पाणी हवे आहे, म्हणजे 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदांत भरेल एवढे.

11 आणि 3 मिळून 14 मीटर ही खरीखुरी चढण. ती टाळता येत नाही. आता पाइप. एवढे पाणी 200 मीटर पीव्हीसी पाइपातून न्यायचे, तर दोन इंची, म्हणजे 63 मिलिमीटरच्या पाइपात सुमारे 14 मीटरचे घर्षण होते. अडीच इंचीत, म्हणजे 75 मिलिमीटरच्या पाइपात सुमारे 5 मीटर. तीन इंचीत, म्हणजे 90 मिलिमीटरच्या पाइपात दोनच्या थोडे वर. विहिरीतून पाणी वर काढायला जेवढी ताकद लागते, तेवढीच ताकद दोन इंची पाइप नुसता घासण्यात घालवतो. पाण्याचा वेग वाढला की घर्षण जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मोठा पंप आणि बारीक पाइप ही सर्वांत महागडी जोडी.

सूत्र सोपे आहे. सेकंदाला लिटर गुणिले एकूण हेड (चढण, घर्षण आणि लागणारा दाब मिळून) मीटरमध्ये, भागिले 75, म्हणजे पाण्याची अश्वशक्ती. तिला पंपाच्या कार्यक्षमतेने भागायचे. कार्यक्षमता 55 टक्के धरू. अडीच इंची पाइप आणि मोकळे पाणी सोडायचे असेल, तर 11, 3, 5 आणि व्हॉल्व्ह-बेंडचे 2 मिळून हेड 21 मीटर. पाच गुणिले 21 भागिले 75 म्हणजे 1.4, त्याला 0.55 ने भागले की अडीच एचपी. तीनचा पंप पुरतो. दोन इंची पाइप असेल तर हेड 30 मीटर होते, आकडा 3.6 वर जातो आणि पाचचा पंप घ्यावा लागतो. फरक फक्त पाइपाचा. पंपाच्या दुकानात जाण्याआधी पाइपाच्या दुकानात जावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

ठिबक असेल तर चित्र बदलते. ड्रिपरपाशी एक किलो दाब लागतो, म्हणजे 10 मीटर. फिल्टर आणि लॅटरलचे धरून 15 मीटर होतात. समुद्रपूरकडच्या वायगाव हळदीला किंवा संत्र्याला ठिबक करणाऱ्याने पंप ठिबकच्या आराखड्यानंतर घ्यावा, आधी नाही. हरभऱ्यासाठी तुषार संच सर्रास वापरतात; त्याच्या नोझलला दोन ते अडीच किलो दाब, म्हणजे 20 ते 25 मीटर लागतात. तिथे जास्त हेडचा, बेताच्या धारेचा पंप हवा. दांडाने पाणी देण्यासाठी घेतलेला पंप तुषारला लावला की नोझल फिरत नाहीत, नुसते ठिबकतात. मग 'कंपनी बेकार निघाली' असे म्हणतात.

मीटर आणि फूट यांचा घोळही सांगून टाकतो. विहीर आपण फुटांत मोजतो, पंपाची पाटी मीटरमध्ये बोलते. पाटीवर हेड 30 असेल तर ते 30 फूट नव्हे, जवळपास शंभर फूट. उलट्या बाजूने चूक झाली, म्हणजे शंभर फुटांच्या बोअरसाठी 100 मीटर हेडचा पंप आणला, तर ताकद तिप्पट आणि पैसेही त्याच बेतात.

आतापर्यंत सेकंदाला 5 लिटर हवेत असे आपण गृहीत धरले. विहीर ते द्यायला तयार आहे का? हा प्रश्न पंपाच्या निवडीत सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. उत्तर शोधायला दोरी, दगड आणि घड्याळ पुरते. एप्रिलच्या अखेरीस पंप चालवून पाणी बरेच खाली न्या, पंप बंद करा, पाण्याची पातळी दोरीवर गाठ मारून नोंदवा आणि तासाने पुन्हा मोजा. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 19,600 लिटर. तासात 20 सेंटिमीटर पाणी चढले, तर झऱ्यांची आवक तासाला 3,900 लिटर, म्हणजे दिवसरात्र मिळून जास्तीत जास्त 94,000 लिटर. पातळी चढते तशी आवक मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच.

शेतीपंपाला आपल्याकडे आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास वीज मिळते. आठ तासांत 94,000 लिटर उपसायचे, तर सेकंदाला 3.3 लिटर पुरतात. सेकंदाला पाच लिटरचा पंप तेच पाणी पाच-साडेपाच तासांत संपवेल आणि उरलेला वेळ कोरडा फिरेल. विहिरीत जास्तीचे पाणी येणार नाही. सेकंदाला 3.3 लिटर धरून हिशेब पुन्हा केला, तर घर्षण निम्म्याहून खाली येते, मोकळ्या पाण्याला दोन एचपी आणि ठिबकला तीन एचपी पुरतात. हिवाळ्यात पाणी वर असते, हेड कमी असते, तेव्हा तोच पंप आपोआप जास्त धार देतो.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. काळ्या भारी जमिनीत, विशेषतः भेगा पडल्यावर, बारीक धार सोडली तर ती दांडातच मुरते, सरीच्या टोकापर्यंत पोचत नाही. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बारे बदलणाऱ्या माणसाला मोठी धार हवी असते, कारण मोठी धार म्हणजे लवकर घरी. हा आग्रह अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर मोठ्या पंपात नाही, तुषार किंवा ठिबक संचात किंवा बांधावरच्या साठवण टाकीत आहे. विहिरीची आवक कमी असेल तर मोठा पंप फक्त रिकामी विहीर लवकर दाखवतो.

पंपाचे प्रकार, पाटी आणि डीपी

पाणी वीस फुटांच्या आतच राहत असेल (धाम किंवा बोर नदीकाठी किंवा कालव्याच्या लाभक्षेत्रात अशा विहिरी असतात), तर साधा मोनोब्लॉक अजूनही उत्तम. दुरुस्ती गावातच होते, बेअरिंग आणि सील कुठेही मिळतात. पाणी मोठ्या फरकाने वर-खाली होत असेल तर ओपनवेल सबमर्सिबल. तो तळावर टेकवू नये. लोखंडी स्टँडवर हात-दीड हात वर ठेवावा, नाहीतर गाळ ओढतो आणि बुशिंग खलास होतात. बोअरसाठी उभा सबमर्सिबल: सहा इंची बोअरला व्ही-सिक्स, चार इंचीला व्ही-फोर. त्यात इंपेलर एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक टप्पा हेडमध्ये भर घालतो. बोअरचा पंप नुसत्या एचपीवर घेऊ नये. किती टप्पे आहेत ते विचारावे.

बोअरचा हा उभा पंप काही जण रुंद विहिरीत सोडतात, आणि इथे एक बारीक गोम आहे. या पंपात मोटर खाली आणि पाणी घेण्याची जाळी तिच्या वर असते. अरुंद बोअरमध्ये पाणी मोटरच्या अंगावरून वर जाते आणि तिला थंड ठेवते. रुंद विहिरीत पाणी चारही बाजूंनी थेट जाळीत शिरते. मोटरभोवतीचे पाणी साचून राहते आणि मोटर पाण्यात बुडून तापते. पंपाभोवती पाइपाचे जॅकेट चढवले, म्हणजे पाणी खालून मोटरला घासून वर येते. पाण्याने भरायची मोटर असेल तर सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी भरायला विसरू नये. घाईत उतरवलेल्या कित्येक नव्या मोटरी याच एका विसरभोळेपणाने पहिल्याच दिवशी जळतात.

पाटीवर एचपीच्या शेजारी 'हेड रेंज' लिहिलेली असते. ती वाचावी. 30 ते 45 मीटरच्या पंपाला 15 मीटरवर चालवले, तर तो खूश होऊन जास्त पाणी देतो आणि मोटर जास्त अँपियर ओढून जळते. भरल्या विहिरीत, पाणी वर असताना मोटर का जळली, हे कोडे अनेकांना पडते. उत्तर बहुतेक वेळा हेच असते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून हेड वाढवणे हा त्यावरचा साधा इलाज. तीन फेजच्या मोटरला दर एचपीला सुमारे दीड अँपियर हे ठोकताळ्याचे गणित लक्षात ठेवावे. पाचच्या मोटरने सात-आठ अँपियरच्या पुढे जाऊ नये. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले त्याच बेताने लावावा. तो सारखा पडतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवून ठेवणे किंवा फेज गेल्यावर मोटर बंद करणारे यंत्र बायपास करणे, ही आपल्याकडची जुनी खोड. एक फेज गेल्यावर मोटर उरलेल्या दोन फेजवर धडपडत राहते आणि काही मिनिटांत संपते. पाणी संपल्यावर पंप थांबवणारे ड्राय-रन संरक्षणही नव्या पंपाच्या किमतीत धरावे. वर हिशेब केलेल्या विहिरीला ते पंपाइतकेच आवश्यक आहे.

आयएसआय चिन्ह पाहताना त्याखालचा क्रमांकही पाहावा. मोनोब्लॉकसाठी आयएस 9079, बोअरच्या सबमर्सिबलसाठी आयएस 8034, ओपनवेलसाठी आयएस 14220. क्रमांक जुळला म्हणजे ते चिन्ह त्याच प्रकारच्या पंपासाठी दिले आहे, एवढे तरी कळते. तारांकित लेबल असेल तर उत्तम, पण पाच तारे तुमच्या हेडवर मिळतात की दुसऱ्याच, हे पंपाच्या हेड आणि पाण्याच्या वक्ररेषेवरून पाहावे लागते. प्रत्येक जबाबदार कंपनी हेड आणि पाण्याचा तक्ता देते. किर्लोस्करवाडीपासून कोइमतूर-राजकोटपर्यंत पंप बनतात. तक्ता नसलेला पंप कुठलाही असो, घेऊ नये.

वीज फुकट असताना कार्यक्षमतेची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. पण बिल माफ झाले, डीपी माफ झालेली नाही. पाच एचपीचा एक पंप रोहित्रावर सुमारे 6 केव्हीए भार टाकतो. म्हणजे 63 केव्हीएच्या डीपीवर असे जेमतेम दहा पंप. प्रत्येकाने तीनच्या जागी पाच आणि पाचच्या जागी साडेसात लावला, कागदावर मात्र जुनाच आकडा ठेवला, तर ऐन रब्बीत डीपी जळते आणि आठ-दहा शेतकरी मिळून तिच्या मागे फिरतात. माझ्या विहिरीवरच्या जादा एचपीचा फटका शेजाऱ्याच्या गव्हाला बसतो.

सौरपंपाकडे वळणाऱ्यांसाठी एक बाब सोयीची आहे आणि एक जपून पाहण्याची. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के वाटा भरायचा. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात एचपीपर्यंत पंप मिळतो, पाच वर्षांच्या दुरुस्तीच्या हमीसह. सोय अशी की सौरपंप उन्हाबरोबर हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो. बेसाल्टमधल्या मंद झऱ्यांना हा संथ उपसा चांगला मानवतो, आणि रात्रीचे जागरण सुटते. जपायचे ते असे की एचपी एकरांवरून ठरते, विहिरीवरून नाही. हेड कोणत्या टप्प्याचे हवे ते शेतकऱ्यानेच आग्रहाने सांगावे लागते. पंप एकदा बसला की बदलून मिळणे अवघड.

घरच्या पंपाचा हिशेबही यातलाच, फक्त लहान. दुमजली घराच्या टाकीपर्यंत 12 मीटर चढण आणि सेकंदाला एक लिटर पाणी यांना अर्धा एचपी पुरतो. नळालाच टिल्लू पंप लावणाऱ्यांना मात्र माझ्याकडून सल्ला मिळणार नाही. तो शेजाऱ्याचे पाणी ओढतो, आणि जलवाहिनीत चीर असेल तिथून गटाराचेही.

पंपांच्या या कुळात एक सर्वांत छोटा भाऊ आहे, तो पराटीवर फवारणी करताना पाठीवर असतो. 16 लिटरच्या बॅटरी फवारणी यंत्रात 12 व्होल्टचा डायफ्राम पंप असतो, आणि बंदूक सोडली की दाब वाढून तो आपोआप थांबतो. समुद्रात महिनोन्‌महिने फिरणाऱ्या मोटरबोटींवर पिण्याच्या आणि आंघोळीच्या पाण्यासाठी बसवतात तो पंप याच जातीचा, थोडा मोठा: मिनिटाला दहा-वीस लिटर देणारा, नळ बंद होताच दाबाच्या स्विचने थांबणारा. बोटवाल्याला तो बदलताना हेड, धार, व्होल्ट आणि तारेची जाडी हेच चार प्रश्न पडतात. त्याची टाकी मात्र ठरावीक असते आणि किती लिटर उरले ते त्याला रोज माहीत असते. आपल्या विहिरीबद्दल तेवढे माहीत असलेला शेतकरी दुर्मीळ आहे.

म्हणून हा हिशेब पंप जळण्याआधी करून ठेवावा, एखाद्या मोकळ्या एप्रिलमध्ये, आणि स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवावा: उन्हाळ्यातली पाण्याची खोली, पावसाळ्यातली खोली, तासाची आवक, पाइपाची लांबी आणि इंच, वावराची चढण, ठिबक की तुषार की दांड, आणि हातातल्या व्होल्टमीटरवर रात्री दिसलेले सर्वांत कमी व्होल्टेज. ऐन हरभऱ्यात मोटर जळली, तर तो कागद खिशात घालून दुकानात जा आणि त्या हेडवर त्या धारेचा पंप मागा. दुकानदाराने कागदाकडे न बघता "पाचचा नेऊन टाका" म्हटले, तर दुसरे दुकान बघा.